फेसाळती जखम, गुलाबी परीक्षा आणि मिरचीतलं नोबेल

हे वाक्य वाचायला तुम्हाला तीन सेकंद लागले असतील, तर तेवढ्यात तुमच्या अस्थिमज्जेत साठेक लाख नव्या तांबड्या पेशी तयार झाल्या आणि साधारण तेवढ्याच जुन्या मोडीत निघाल्या. एका मोठ्या माणसाच्या अंगात अशा सुमारे २५ लाख कोटी पेशी फिरत असतात. प्रत्येकीचं आयुष्य १२० दिवसांचं. या चार महिन्यांत तिच्यावर काय काय गुदरतं, त्यात फवारणीच्या औषधाचा वाटा किती, आणि आवळ्या-पेरूतलं ‘क’ किंवा करडईच्या तेलातलं ‘ई’ तिच्या मदतीला कितपत धावून येतं, याच्या या गमतीजमती. काही खरोखर गमतीच्या आहेत. काही नाहीत.

वाहते, पण खात नाही

तांबडी पेशी जन्मभर प्राणवायू वाहते आणि स्वतः त्यातला कणभरही वापरत नाही. प्राणवायू जाळून ऊर्जा काढणारी मायटोकाँड्रिया तिच्यात नसतातच. पूर्ण पक्व होईपर्यंत ती टाकून दिलेली असतात. केंद्रकही टाकलेलं असतं. का? तर जागा हवी. एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू कोंबलेले असतात आणि दर रेणूत लोहाचे चार अणू.

लोह आणि प्राणवायू एका ठिकाणी कोंडले की काय होतं ते पावसाळ्यात खिडकीचे गज पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपैकी तीन टक्क्यांपर्यंत भाग रोजच्या रोज आपोआप ‘गंजतो’. प्राणवायू निघून जाताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन पळवतो आणि स्वतः सुपरऑक्साइड नावाचा आडदांड कण होऊन बाहेर पडतो. यात कीटकनाशकाचा काही संबंध नाही. हा रोजचा घरखर्च आहे. केंद्रक नसल्याने पेशीला नवं प्रथिन बनवता येत नाही. जन्माच्या वेळी मिळालेल्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, चार महिने काढायचे.

जखमेवरचा फेस

गुडघा फुटल्यावर दवाखान्यात त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस यायचा. ‘जंतू मरतायत बघ’ असं सांगून मोठ्यांनी आपल्याला गप्प केलेलं असतं. तो फेस मुख्यतः आपल्याच रक्ताचा आणि पेशींचा पराक्रम आहे. त्यांच्यातलं कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करतं. बुडबुडे त्या प्राणवायूचे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानात शिगेओ ताकाहारा नावाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने एका मुलीच्या तोंडातल्या सडलेल्या जखमेवर पेरॉक्साइड ओतलं. फेस आलाच नाही. रक्त काळपट तपकिरी झालं. चुकीची बाटली उचलली की काय, अशी आधी शंका आली. बाटली बरोबर होती. त्या मुलीच्या रक्तात जन्मापासून कॅटलेजच नव्हतं. आनुवंशिक विकारांच्या पुस्तकात एका नव्या आजाराची भर पडली, ती केवळ न आलेल्या फेसामुळे.

तीस वर्षं ‘काम काय’ ते कळेना

१९३८ मध्ये केंब्रिजच्या मान आणि केलिन या दोघांनी बैलाच्या रक्तातून तांबं असलेलं एक निळसर प्रथिन वेगळं केलं. हे करतं काय, ते कळेना. तांबं साठवत असावं, असं म्हणून विषय बाजूला पडला. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड हा विद्यार्थी आणि त्याचे गुरू आयर्विन फ्रिडोविच यांनी दाखवून दिलं, की सुपरऑक्साइडला वेसण घालणारं विकर ते हेच. नाव ठेवलं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. आज कीटकनाशक आणि रक्तपेशी यांवरचा जवळजवळ प्रत्येक प्रबंध या विकराचं मोजमाप केल्याशिवाय पुढे सरकत नाही.

रक्तात मज्जातंतूंचा आरसा

मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली औषधं. या कुळाची पायाभरणी जर्मनीत गेरहार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात केली. किडीवर औषध शोधता शोधता १९३६ मध्ये त्याच्या हाती टॅबुन लागलं आणि लष्कराने ते उचललं. कीटकनाशक आणि युद्धातला विषारी वायू यांची अशी सख्खी भावकी आहे.

ही औषधं अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला जायबंदी करतात. ते मज्जातंतूंच्या सांध्यावर काम करतं, म्हणून कीडही तडफडते आणि माणूसही. गंमत अशी, की हेच विकर तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरही असतं. तिथे त्याचं नेमकं काम काय, यावर आजही एकमत नाही. डॉक्टरांची मात्र सोय झाली. मेंदूत सुई न खुपसता, दंडातून रक्त काढून मज्जासंस्थेची हालहवाल कळते.

कॅलिफोर्नियात ही औषधं हाताळणाऱ्या मजुरांची अशी रक्ततपासणी १९७४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. हंगामाआधी प्रत्येकाचा मूळ आकडा नोंदवतात. तांबड्या पेशींतलं हे विकर त्याच्या ७० टक्क्यांवर घसरलं, की माणसाला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं; ८० टक्क्यांवर चढल्याशिवाय परत पाठवायचं नाही. आणि ते चढतं किती सावकाश! बिघडलेलं विकर बदलून घ्यायची पेशीत सोय नाही, म्हणून नव्या पेशी जन्मतील तशी भरपाई. रोज जेमतेम एक टक्का. आपल्याकडे फवारणी करणाऱ्या किती मजुरांचा असा मूळ आकडा कुणाकडे लिहून ठेवलेला आहे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

हे झालं मुख्य विष. त्याच्या जोडीला एक उपद्व्याप असतो, आणि आपला विषय तो आहे. यकृत ही रसायनं फोडताना, आणि ती रसायनं पेशींत लुडबुड करताना, सुपरऑक्साइड आणि त्याची भावंडं नेहमीपेक्षा जास्त तयार होतात. घरखर्च एकदम वाढतो. शिल्लक तेवढीच.

खवट

शेंगदाण्याचं तेल किंवा दिवाळीचा उरलेला चिवडा खवट लागतो तेव्हा त्यातल्या स्निग्धाम्लांना प्राणवायूने गाठलेलं असतं. तांबड्या पेशीचं आवरण स्निग्धाम्लांचंच आहे. कीटकनाशकाने चेतवलेले सुपरऑक्साइडसारखे आडदांड कण, म्हणजे फ्री रॅडिकल्स, तिथे पोचले, की तीच रासायनिक साखळी सुरू होते. थोडक्यात, पेशीचं आवरण खवट होतं. मग ते ताठर होतं, गळू लागतं आणि शेवटी फुटतं.

मोजायची पद्धतसुद्धा किराणा मालाच्या दुनियेतली. खवटपणातून मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचं एक रसायन उरतं. नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवलं की सुरेख गुलाबी रंग येतो. दूध आणि मांस किती शिळं झालंय हे तपासायला अन्नशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात ही परीक्षा भरपूर वापरली, आणि मग ती रक्ताच्या प्रयोगशाळेत कायमची मुक्कामाला आली. जितका गडद गुलाबी, तितकी जास्त हानी. परीक्षा स्वस्त आहे, पटकन होते आणि तिच्या गुलाबी रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. काही साखरादेखील याच रंगात येतात.

गाभ न टिकणाऱ्या उंदरिणी

‘ई’ जीवनसत्त्वाचा शोध रक्तात लागलाच नाही. १९२२ मध्ये बर्कलेच्या हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी उंदरांना चरबी आणि इतर शुद्ध पदार्थांचा आहार दिला. उंदीर धडधाकट वाढले, पण माद्यांच्या पोटातली पिल्लं टिकेनात. आहारात लेट्यूसची पानं घातल्यावर टिकू लागली. पानातला तो अज्ञात घटक म्हणजे ‘ई’. पुढे १९३६ मध्ये तो गव्हाच्या अंकुराच्या तेलातून शुद्ध स्वरूपात निघाला.

रक्ताशी त्याची गाठ १९५०च्या सुमारास पडली. ‘ई’ न मिळालेल्या उंदरांच्या तांबड्या पेशी ऑक्सिडीकरण करणाऱ्या रसायनात टाकल्या तर त्या पटापट फुटतात, असं दिसलं. या निरीक्षणावरून ‘ई’ची कमतरता ओळखायची चाचणीच तयार झाली. १९६०च्या दशकात मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या पंडुरोगामागे ‘ई’ची कमतरता सापडली.

‘ई’ तेलात विरघळतं, म्हणून ते आवरणातच घर करून राहतं. संख्येने फार थोडं. हजारभर स्निग्ध रेणूंमागे एखादंच. एवढ्या तुटपुंज्या फौजेवर किल्ला टिकतो कसा? कबड्डीच्या नियमाने. फ्री रॅडिकलला अंगावर घेऊन ‘ई’ बाद झालं, की आवरणाच्या काठावर, पाण्याच्या बाजूला उभं असलेलं ‘क’ आपला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याला जिवंत करतं आणि गडी परत मैदानात. अशी देवघेव होत असावी ही कल्पना अल टॅपेल यांनी १९६८ मध्ये मांडली. १९७९ मध्ये ‘नेचर’मधल्या एका शोधनिबंधात ती प्रत्यक्ष मोजून दाखवली गेली. कीटकनाशकांच्या प्रयोगांत ‘क’ आणि ‘ई’ बहुधा जोडीने दिले जातात, त्याचं कारण हे.

देव जाणे, आणि मिरची

‘क’ची कथा जास्त खमंग. हंगेरीचे अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी १९२८ मध्ये एक अनोळखी आम्ल वेगळं केलं. ते साखरेच्या जातीचं आहे एवढं कळलं होतं. शोधनिबंधात त्यांनी त्याचं नाव ‘इग्नोज’ ठेवलं, म्हणजे ‘माहीत नसलेली साखर’. संपादकांनी डोळे वटारले. तर यांनी दुसरं नाव पाठवलं : ‘गॉडनोज’. देव जाणे! संपादक आर्थर हार्डन यांना विनोद पचला नाही आणि ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ असं गुळमुळीत नाव छापून आलं.

ते आम्ल म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व हे उमगेपर्यंत हातातला साठा संपत आला होता. एका संध्याकाळी सेगेद गावी बायकोने जेवणात ताजी पॅप्रिका, म्हणजे तिथली मोठी तांबडी मिरची, वाढली. साहेबांना ती खायची नव्हती आणि तसं तोंडावर सांगायची हिंमतही नव्हती. ‘ही अजून तपासली नाही’ असं म्हणत ते मिरची घेऊन प्रयोगशाळेत सटकले. मध्यरात्रीपर्यंत कळलं, की मिरची ‘क’ने ठासून भरलेली आहे. काही आठवड्यांत हे जीवनसत्त्व किलोच्या मापाने हाताशी आलं. १९३७ मध्ये नोबेल. त्यांच्या स्वतःच्या आठवणींत हा किस्सा आहे.

पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यात उतरलेली मिरची याच गोतातली. आपली हिरवी मिरची वजनाला वजन लिंबापेक्षा जास्त ‘क’ बाळगते. अर्थात, तेवढ्या वजनाची मिरची कुणी खात नाही.

माणूस, माकड, गिनीपिग आणि फळं खाणारं वटवाघूळ

या मंडळींना स्वतःचं ‘क’ बनवता येत नाही. कुत्रा, मांजर, गाय, शेळी, उंदीर सगळे घरच्या घरी बनवतात. आपल्या पूर्वजांत त्यासाठी लागणारं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी नादुरुस्त झालं आणि तसंच राहिलं.

तांबडी पेशी यावर एक तोड काढून बसली आहे. २००८ मध्ये फ्रान्समधल्या मोंपेलिये इथल्या संशोधकांनी दाखवलं, की माणसाच्या एका तांबड्या पेशीवर ग्लुकोज आत घेणारी ग्लट-१ नावाची दोन लाखांहून जास्त दारं असतात. या दारांतून ‘क’चं वापरून झालेलं, ऑक्सिडीकरण झालेलं रूपही आत येतं. पेशी ते पुन्हा ताजं करते. प्रौढ उंदराच्या तांबड्या पेशीवर हे दार नसतं. त्याला गरजच नाही. म्हणजे आपलं रक्त ‘क’चा पुनर्वापर करणारं केंद्र चालवतं. रोज इतकं थोडं ‘क’ खाऊनही आपलं भागतं, त्यात या काटकसरीचा हात आहे.

यात एक ग्यानबाची मेख आहे. कीटकनाशक देऊन ‘क’ने फायदा होतो का, हे बहुतेक ठिकाणी पांढऱ्या उंदरांवर तपासतात. विष पोटात गेलं की उंदराचं यकृत स्वतःहून जास्त ‘क’ बनवायला लागतं. तेव्हा उंदराचा निकाल माणसाला लावताना हात आखडता घ्यावा, हे बरं.

गुलाबांच्या गावी आणि राजधानीत

तुर्कस्तानात या विषयावर बरंच काम झालंय. गुलाबांसाठी प्रसिद्ध असलेल्या इस्पार्टाच्या संशोधकांचा २००१ चा प्रयोग : उंदरांना क्लोरपायरिफॉस दिलं, तर तांबड्या पेशींतला खवटपणा वाढला, ‘क’ आणि ‘ई’ जोडीने दिल्यावर तो उतरला. अंकाराच्या गाझी विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये माणसाच्या तांबड्या पेशी घेतल्या, काचेच्या नळीत मॅलेथिऑनबरोबर ठेवल्या. गुलाबी रंग गडद. ‘क’ आणि ‘ई’ घातलेल्या नळ्यांत हानी कमी.

अशा प्रयोगांचा सूर साधारण सारखाच : जीवनसत्त्वं आधीपासून हजर असतील तर नुकसान कमी होतं. थांबत नाही. आणि नळीत यकृत नसतं, घाम नसतो, रिकामं पोट नसतं, दुपारचं ऊनही नसतं.

चॉकलेटी रक्त

लोहाचा इलेक्ट्रॉन गेला की हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं आणि ते प्राणवायू उचलत नाही. त्याचं प्रमाण वाढलं की रक्त चॉकलेटी दिसतं, ओठ आणि नखं निळसर. कोविडमध्ये घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर इथे चक्क फसतो. प्रमाण बरंच वाढलं की तो ८५च्या आसपास अडकून बसतो, खरी पातळी काहीही असो.

कपाशी, तूर, हरभऱ्यावरच्या अळ्यांसाठी मारलं जाणारं इंडोक्साकार्ब पोटात गेल्यावर रक्त असं झाल्याच्या नोंदी भारतीय रुग्णालयांनी केल्या आहेत. श्रीलंकेत भाताच्या शेतातलं प्रोपॅनिल हे तणनाशक याच कारणासाठी कुप्रसिद्ध.

यावरचा उतारा निळा आहे! मिथिलीन ब्लू. १८७६ मध्ये कापड रंगवायला बनलेलं, पुढे हिवतापावर वापरून पाहिलेलं आणि आज माशांच्या टाकीत टाकतात तेच. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरात फ्यूगेट नावाच्या कुटुंबात पिढ्यान् पिढ्या निळ्या कातडीची माणसं जन्मत. मेथहिमोग्लोबिन पूर्ववत करणारं विकर त्यांच्यात जन्मतःच कमी होतं. १९६०च्या दशकात मॅडिसन काविन या डॉक्टरने त्यांना हे निळं औषध टोचलं आणि काही मिनिटांत निळी माणसं गुलाबी झाली. कीटकनाशकाचा इथे संबंध नाही, पण हा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

मिथिलीन ब्लू चालत नाही अशा रुग्णाला काही वेळा शिरेतून ‘क’ देतात. हळू काम करतं, पण करतं.

कपाटातलं कीटकनाशक

आपल्या घरात फवारणी होत नाही, तेव्हा आपण सुटलो, असं वाटत असेल तर लोकरीच्या कपड्यांचं कपाट उघडा. डांबरगोळ्या! नॅफ्थलीन हे कसरीविरुद्धचं कीटकनाशकच आहे.

बहुतेकांचं त्याने फारसं बिघडत नाही. पण जगात सुमारे ४० कोटी लोकांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं. पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारं ग्लुटाथिऑन हे रसायन ताजं ठेवायला लागणारी रसद केवळ याच विकराच्या वाटेने येते. ती वाट अरुंद असली, की डांबरगोळीचा वास, गिळलेला तुकडा, किंवा ट्रंकेतून काढून न धुता बाळाच्या अंगावर घातलेलं दुपटं एवढंही पेशी फोडायला पुरतं. फुटण्याआधी पेशीत हिमोग्लोबिनच्या गुठळ्या दिसतात. १८९० मध्ये रोबर्ट हाइन्झने त्या टिपल्या, म्हणून हाइन्झ बॉडीज. प्लीहा त्या गुठळ्या लचका तोडून काढते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी अर्धवट खाल्लेल्या दिसतात आणि वैद्यकात त्यांना ‘बाइट सेल’ असंच म्हणतात.

या कमतरतेचा छडा १९५६ मध्ये प्रायमाक्विन या हिवतापाच्या गोळीमुळे लागला. मुंबईत पारशी समाजात ती बऱ्याच जणांत आढळल्याचं १९६३ मध्येच नोंदलं गेलं होतं. आणि आता खरी कलाटणी : अशा माणसाला ‘क’ फार मोठ्या मात्रेत शिरेतून दिलं, तर तेच ‘क’ त्याच्या तांबड्या पेशी फोडू शकतं. रक्षक म्हणून बोलावलेला पाहुणा मात्रा ओलांडली की हल्लेखोर होतो. मिथिलीन ब्लूचंही तसंच. त्याला काम करायला याच विकराची रसद लागते.

मोरचूद : एक पदार्थ, दोन तोंडं

रक्तदान शिबिरात बोट टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडतात. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं. ते निळं पाणी मोरचुदाचं, विशिष्ट गुरुत्व १.०५३, म्हणजे हिमोग्लोबिन १२.५.

तेच मोरचूद चुन्यात मिसळलं की बोर्डो मिश्रण, कोकणातल्या सुपारीपासून नाशिकच्या द्राक्षापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेलं. त्याचा जन्म चोरांमुळे झाला. फ्रान्समधल्या मेडोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बागाईतदार त्यांवर मोरचूद-चुन्याचा हिरवट-निळा लेप फासत. १८८२ मध्ये मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं, की फासलेल्या वेलींवर डाउनी हा बुरशीचा रोग नाही. तीन वर्षांनी मिश्रण जाहीर झालं.

आणि मोरचूद पोटात गेलं तर? त्यातलं तांबं तांबड्या पेशींत घुसून त्यांचं ऑक्सिडीकरण करतं, वर जी-सिक्स-पीडीलाही अडवतं, आणि पेशी फुटतात. रक्ताची परीक्षा घेणारा पदार्थच रक्ताचा घात करतो.

प्राणवायू देऊ नका

पॅराक्वाट या तणनाशकाचं सगळं सामर्थ्य ऑक्सिडीकरणात आहे. ते इलेक्ट्रॉन घेतं, प्राणवायूला देतं, सुपरऑक्साइड बनवतं आणि पुन्हा हात पसरायला मोकळं. एकच रेणू हे वारंवार करतो. फुप्फुसात ते साठतं. म्हणून पॅराक्वाटने धाप लागलेल्या रुग्णाला डॉक्टर शक्य तोवर प्राणवायू देणं टाळतात. दिला तर आगीत तेल. कुणी चुकून पिऊ नये म्हणून कंपन्या त्यात निळा रंग, उग्र वास आणि ओकारी आणणारं औषध मिसळतात. ‘क’ आणि ‘ई’ इथेही देऊन पाहिली गेली आहेत. ठोस यश नाही.

गोळ्यांचा डबा की पेरू?

मग रोज अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत ‘ई’च्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला २०११ मध्ये दिसला. जीवनसत्त्व पानात, फळात, तेलात असतं तेव्हा गुणी असतं. डब्यात भरून मोठ्या मात्रेत घेतलं की त्याचे रंग वेगळे.

भारतीय आहारतज्ज्ञांच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ पुरतं. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त असतं. एका मध्यम पेरूत दोघांचं काम होतं. शेवग्याचा पाला, आवळा, हिरवी मिरची हीही मातब्बर मंडळी. फक्त शिजवताना ‘क’ बरंच उडून जातं. ‘ई’साठी करडई आणि सूर्यफुलाचं तेल, शेंगदाणे. महागड्या डब्याची जाहिरात पाहिली की बांधावरच्या पेरूकडे एकदा बघावं.

कपाळ, काख आणि बाकी

या सगळ्यात व्यवहाराच्या दृष्टीने मोलाची गोष्ट जीवनसत्त्वांची नाहीच. फवारणीचं औषध अंगात शिरतं ते मुख्यतः कातडीतून. कुठून किती, हे १९७१ मध्ये अमेरिकन संशोधकांनी पॅराथिऑन वापरून मोजलं. कोपराखालच्या हातावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के आत गेलं, तळहातातून १२, डोक्याच्या त्वचेतून ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि अंडकोशाच्या त्वचेतून जवळजवळ सगळंच. आता पाठीवरचा गळका पंप, भिजलेली चड्डी आणि बाहीने पुसलेलं कपाळ डोळ्यांपुढे आणा. पेरू कितीही खाल्ले तरी हा हिशोब फिरत नाही.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, अंगात साधा सदरा. त्यांना जीवनसत्त्वं कमी पडली नव्हती. हातमोजे, चष्मा, तोंडाला मुखवटा, अंगभर कपडे आणि वाऱ्याची दिशा पाहायला सांगणारा माणूस कमी पडला होता.

आपल्याकडच्या डब्यांवर रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. निरक्षरालाही कळावं म्हणून केलेली ही सोय. १९५८ मध्ये केरळात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन मिसळून शंभरावर माणसं मेली. त्या दुर्घटनेनंतर हालचाल सुरू झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. दुकानात डबा हातात घेतला की आधी त्रिकोण पाहा.

ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा झाल्यावर लिंबूपाणी, ताक किंवा ‘क’ची गोळी हा उतारा नव्हे. उतारा अॅट्रोपिनचा, तोही रुग्णालयात. अॅट्रोपिन धोतऱ्यातही असतं, म्हणून कुणी धोतरा चघळायला जाऊ नये, तो स्वतंत्र विषबाधेचा विषय आहे. फवारताना मळमळ, घाम, लाळ, अंधारी सुरू झाली तर पंप खाली ठेवा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि १०८ला फोन करा. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा २४ तास चालणारा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ आहे. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा निदान त्याचं लेबल बरोबर न्या. कोणतं औषध होतं ते कळलं, की डॉक्टरांचे उपचार लवकर सुरू होतात.